दुकान बंद, नोटीस चालू!

दिंडोरी तालुक्यात द्राक्ष आणि टोमॅटो म्हटलं की मागोमाग कृषी सेवा केंद्रं आलीच. त्यातलं एखादं बंद पडतं, तेव्हा कारण विचारायची फारशी गरज नसते. उधारी! बागायतदार छाटणीच्या वेळी खतं-औषधं नेतो आणि पैसे माल निघाल्यावर देतो. मार्च २०२०मध्ये ऐन द्राक्ष हंगामात लॉकडाऊन लागला, तेव्हा या उधारीच्या वह्यांचं काय झालं असेल ते तुमच्याच घरी कोणाला तरी विचारा.

आता समजा, असंच एक दुकान तुमच्या काकांचं होतं. त्यांनी शटर खाली ओढलं, जीएसटी नंबरही रीतसर सरेंडर केला. मग तीन-चार वर्षांनी मोबाइलवर मेसेज: नोटीस निघाली आहे. घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘अरे, दुकानच नाही तर कसला टॅक्स?’ दुसरंही ठरलेलं, ‘तुम्ही शिकलेली पोरं ना, बघा जरा काय आहे ते.’ हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे.

आधी वाईट बातमी. जीएसटी कायद्याचं कलम २९ सरळ सांगतं की नोंदणी रद्द झाली तरी त्याआधीच्या काळाची कराची जबाबदारी संपत नाही. नोटीस इतक्या उशिरा का येते? जीएसटी १ जुलै २०१७ला आला. २०१७-१८चे कर मागणीचे आदेश काढायची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२३पर्यंत गेली आणि २०१९-२०ची ३१ ऑगस्ट २०२४पर्यंत. म्हणजे कोरोनात बंद झालेल्या दुकानाची फाईल त्यानंतर चार वर्षांनीही उघडता येत होती. फसवणुकीचा आरोप असेल, तर मुदत आणखी लांब.

मग बंद दुकानाचं ऑडिट होऊ शकतं का? नेमका हाच प्रश्न २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे आला होता. ‘राजा स्टोअर्स’ने धंदा बंद करून नोंदणी रद्द करून घेतली होती, त्यानंतर विभागाने मागच्या वर्षांच्या ऑडिटची नोटीस काढली. कोर्ट म्हणालं, कलम ६५मध्ये ऑडिट ‘नोंदणीकृत व्यक्ती’चं करता येतं, नोंदणी संपलेल्याचं नाही. पण लगेच पेढे वाटू नका. त्याच निकालात विभागाला कर-आकारणीच्या इतर कलमांखाली कारवाई करायची मोकळीक ठेवली आहे. शिवाय तो निकाल तामिळनाडूचा. आपल्याकडचा वकील त्याचा आधार घेऊ शकतो, नाशिकच्या अधिकाऱ्यावर तो बंधनकारक नाही.

म्हणून नोटीस हातात आली की कोपऱ्यातलं फॉर्मचं नाव आधी बघा. एडीटी-०१ असेल तर ते ऑडिट, त्यात किमान १५ कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. एएसएमटी-१० असेल तर विवरणपत्रांतल्या तफावतीची विचारणा. डीआरसी-०१ मात्र थेट कर मागणीची. तिला उत्तर दिलं नाही तर एकतर्फी आदेश होतो, आणि पुढे बँक खातं गोठवण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आदेशावर अपील करायला तीन महिने मिळतात, पण वादातल्या कराचे १० टक्के आधी भरून.

आणि विचारतात काय? बहुधा इनपुट क्रेडिट. काकांनी कीटकनाशकांवर १८ टक्के, खतांवर ५ टक्के कर भरून माल घेतला आणि त्याचं क्रेडिट लावलं. डिस्ट्रिब्युटरने मात्र ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलंच नाही. चूक त्याची, नोटीस काकांना. यावर मार्ग आहे. डिसेंबर २०२२च्या परिपत्रकानुसार २०१७-१८ आणि २०१८-१९साठी, एका पुरवठादाराकडचा वर्षाचा फरक ५ लाखांपर्यंत असेल तर त्याचंच प्रमाणपत्र चालतं, त्याहून जास्त असेल तर सीएचं. तो डिस्ट्रिब्युटर अजून धंद्यात आहे का आणि फोन उचलतो का, हा वेगळा विषय!

सगळ्यात जास्त बोचतं ते उधारीचं. बिल फाडलं की कर लागू, पैसे आले की नाही ते जीएसटी विचारत नाही. उधारी बुडाली म्हणून भरलेला कर परत मिळत नाही. मला विचाराल तर छोट्या गावातल्या दुकानदारावरचा हा सरळ अन्याय आहे. पण नोटिशीच्या उत्तरात ‘पैसेच आले नाहीत’ असं लिहून काही साधत नाही, तिथे बिलंच लागतात. तेव्हा माळ्यावरची पोती रद्दीवाल्याला द्यायच्या आधी थांबा. कायद्याने हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचा असतो. २०१९-२०ची ती तारीख वाढून ३१ मार्च २०२१ झाली होती, म्हणजे त्या वर्षाची बिलं मार्च २०२७पर्यंत घरातच हवीत.

आता तुमचं काम. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे? खूपदा तो जुन्या अकाउंटंटचा निघतो आणि नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. नोंदणी रद्द झालेल्याने पोर्टल बघत बसावं अशी अपेक्षा नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४मध्ये म्हटलंय. पण हे ऐकून घ्यायला कोर्टापर्यंत जावं लागतं. महिन्यातून एकदा लॉगिन करायला पाच मिनिटं पुरतात.

लॉगिन केलंच आहे, तर जीएसटीआर-१० भरलाय का तेही बघा. हे शेवटचं विवरणपत्र, रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत भरायचं. शिल्लक मालावरचं क्रेडिट त्यातच परत करावं लागतं. आणि व्यवसाय कराचा नंबर वेगळा असतो बरं का. जीएसटी रद्द झाला म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, नाहीतर बंद दुकानाच्या नावावर दर वर्षी २,५०० रुपये चढत राहतात.