काढणार कोण?

 गर्भनिरोधक इम्प्लांटवरचा, म्हणजे कातडीखाली बसवायच्या कांडीवरचा, माझा लेख वाचून एका भगिनीने पत्रातून विचारलं आहे, ‘कांडी दंडात बसवायला पाच मिनिटं लागतात म्हणता, पण काढायची झाली तर?’ इम्प्लांट घेण्याआधी सगळ्यात आधी विचारावा असा हाच प्रश्न आहे. 

गोळ्या नकोशा झाल्या तर बाई त्या दिवशीच बंद करू शकते. कातडीखालची कांडी मात्र तिला स्वतःला काढता येत नाही. नॉरप्लांटचं घोडं इथेच अडलं. पॉप्युलेशन कौन्सिलने विकसित केलेल्या या इम्प्लांटला 1983 मध्ये फिनलंडने पहिली मान्यता दिली. त्यात सिलिकॉनच्या 6 नळ्या असत. शरीर अशा प्रत्येक नळीभोवती चिवट आवरण तयार करतं. नळ्या खोल किंवा वाकड्यातिकड्या बसल्या असतील, तर त्या शोधून काढताना डॉक्टरांची आणि बाईची, दोघांचीही परीक्षा असे. इंडोनेशियात लाखो बायकांना नॉरप्लांट बसवलं गेलं, पण काढण्यात तरबेज हात त्या मानाने फार कमी होते. बांगलादेशात काढून मागणाऱ्या बायकांना परत पाठवल्याच्या हकिकती ‘उबिनीग’ या संस्थेने नोंदवल्या. अमेरिकेत खटले झाले आणि 2002 मध्ये तिथली विक्री थांबली. औषध गर्भ रोखण्यात कमी पडलं नव्हतं. काढण्याची सोय कमी पडली होती.

आताची इटोनोजेस्ट्रेलची कांडी एकच असते, 4 सेंटिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड, साधारण काडेपेटीतल्या काडीएवढी. नव्या कांडीत बेरियम सल्फेट असतं, त्यामुळे ती हाताला लागली नाही तरी एक्स-रेमध्ये दिसते. काढताना डॉक्टर खांद्याकडचं टोक दाबतात, म्हणजे कोपराकडचं टोक वर येतं. भूल त्या टोकाच्या खाली द्यायची. वर दिली तर सुजलेल्या कातडीत कांडी हरवते. मग 2 मिलिमीटरचा छेद घ्यायचा, आवरण हलकेच उघडायचं, चिमट्याने कांडी ओढायची आणि पट्टी बांधायची. नीट बसवलेली कांडी काही मिनिटांत निघते. आठवड्याभरात औषध रक्तातून जवळजवळ नाहीसं होतं आणि दिवस राहण्याची शक्यता लवकरच पूर्ववत होते.

2023 पासून आपल्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमातही निवडक जिल्ह्यांत इम्प्लांट येऊ लागलं आहे. त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण किती बसवली याच्या जोडीला, मागितल्यावर किती काढून दिली, हाही आकडा ठेवला पाहिजे. कारण न सांगताही काढून मागण्याचा बाईला हक्क आहे. इम्प्लांट घेणार असाल तर दंड पुढे करण्याआधी विचारून घ्या: मुदतीआधी काढायचं ठरवलं तर कुठे यायचं, आणि काढणार कोण?