ट्रॅक्टरचा अल्टरनेटर : बॅटरी बदलण्यापूर्वीची तपासणी

पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर सुरू झाला नाही की दोष बहुधा बॅटरीवर ढकलला जातो. नवी बॅटरी बसवल्यावर आठवडाभराने तीही उतरते, तेव्हा खरा दोष चार्जिंगमध्ये होता हे उमगते. बेंगळुरूतील चामराजपेटलगत जे. सी. रोड व कलासिपाळ्य येथे वाहनांच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. मात्र विजेचे भाग दुकानदार सहसा परत घेत नाहीत. म्हणून बाजारात जाण्यापूर्वीच दोषाची जागा निश्चित करणे हिताचे ठरते.

कार्य व जोडणी

अल्टरनेटरमधील फिरत्या रोटरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे स्टेटरच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो व डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. व्होल्टेज रेग्युलेटर रोटरला मिळणारा प्रवाह कमी-अधिक करून दाब मर्यादेत ठेवतो. नेहमीच्या रचनेत ‘बी प्लस’ टोकाची जाड तार बॅटरीच्या धन टोकाकडे जाते. ‘डी प्लस’ किंवा ‘एल’ टोकाची बारीक तार चार्जिंगच्या दिव्यातून किल्लीच्या स्विचला जोडलेली असते. अनेक अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. त्यामुळे दिवा जळाल्यास निर्दोष अल्टरनेटरही चार्जिंग सुरू न करण्याची शक्यता असते.

तपासणीचा क्रम

१. पट्ट्याचा ताण, बॅटरीची टोके व अर्थिंगची तार पाहावी. टोकांवरील पांढरट-हिरवा थर काढून ती घट्ट करावीत.

२. इंजिन बंद असताना किल्ली फिरवावी. दिवा लागला नाही, तर दिवा, फ्यूज, बारीक तार व कार्बन ब्रश तपासावेत. इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझला पाहिजे.

३. काही तास स्थिर असलेल्या पूर्ण चार्ज बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन मध्यम वेगात ठेवून तो पुन्हा मोजावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट ही सर्वसाधारण मर्यादा होय.

४. दाब वाढत नसल्यास मल्टीमीटरची एक तार ‘बी प्लस’वर व दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवावी. हेडलाइट लावलेले असताना ०.३ व्होल्टपेक्षा अधिक फरक आढळल्यास तार वा जोड सदोष समजावा. अल्टरनेटरचे कवच व बॅटरीचे ऋण टोक यांमध्येही हीच चाचणी करावी.

५. दाब १५ व्होल्टच्या पुढे गेल्यास रेग्युलेटर किंवा त्याची अर्थिंग सदोष असू शकते. बॅटरीतील पाणी वारंवार आटणे हे त्याचेच लक्षण होय.

६. चार्जिंग योग्य असूनही बॅटरी रात्रीतून उतरत असल्यास डायोडमधून गळती होत असावी. अल्टरनेटर सुटा करून तो जाणकाराकडून तपासून घ्यावा.

दक्षता

चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासण्याची पद्धत अजूनही रूढ आहे. त्यामुळे दाब एकाएकी उसळून डायोड व रेग्युलेटर जळू शकतात. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी व अल्टरनेटर या दोहोंच्या तारा सोडवाव्यात. बॅटरी सोडवताना ऋण तार प्रथम काढावी व जोडताना ती शेवटी लावावी. प्रात्यक्षिकांच्या वेळी विस्तार कार्यकर्त्यांनी मल्टीमीटरचा वापर शेतकऱ्यांकडून स्वहस्ते करून घ्यावा. अल्प किमतीचे हे साधन ऐन हंगामातील खोळंबा टाळू शकते.