आगपेटीच्या मापाची मोटार

पोलादी साच्यात वितळलेला धातू मोठ्या दाबाने भरून तयार केलेल्या वस्तूला डायकास्ट म्हणतात, आणि या पद्धतीने घडवलेल्या छोट्या मोटारी जमवणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या कपाटांत लिव्हरपूलच्या डिंकी, वेल्समधील स्वान्सीच्या कॉर्गी आणि कॅलिफोर्नियाच्या हॉट व्हील्स अशा अनेक घराण्यांच्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या असतात. तरीही या छंदाचा गाभा समजून घ्यायचा, तर लंडनच्या लेस्नी प्रॉडक्ट्स या कारखान्यातून निघालेल्या मॅचबॉक्स मोटारींकडेच जावे लागते. आपल्या गाड्या केवढ्या असाव्यात हे या कारखान्याने खऱ्या मोटारीवरून ठरवले नाही, तर आगपेटीएवढ्या एका डबीवरून ठरवले, आणि या मोटारींची पुढची सारी गोडी त्या निर्णयातून जन्माला आली.

लेस्नीची स्थापना १९ जानेवारी १९४७ रोजी झाली. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ हे शाळेपासूनचे मित्र दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते. आडनाव एक असले तरी त्यांच्यात नाते नव्हते. युद्ध संपल्यावर हाती आलेल्या सुमारे ६०० पौंडांच्या पुंजीतून त्यांनी उत्तर लंडनमधील एडमंटन येथे ‘द रायफलमन’ नावाचे बंद पडलेले मद्यगृह घेतले, तेथे ओतकामाचे यंत्र बसवले आणि दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून कंपनीचे नाव ठेवले. साचे घडवण्यात निष्णात असलेला जॅक ओडेल लवकरच त्यांना येऊन मिळाला. हा उद्योग खेळण्यांचा नव्हताच. इतर कारखान्यांना लागणारे सुटे धातुभाग ओतून देणे, हे त्याचे काम होते. मात्र वर्षअखेरीस शिल्लक मालावर करआकारणी होत असल्याने गिऱ्हाईक कारखाने त्या सुमारास मागणी आखडती घेत आणि यंत्रे रिकामी राहत. त्या रिकाम्या दिवसांना काम म्हणून १९४८ मध्ये एक खेळण्यातला रोडरोलर ओतला गेला. म्हणजे विसाव्या शतकातील एका अत्यंत लोकप्रिय खेळण्याचा पाया हिशेबी वर्षाच्या एका अडचणीने घातला, आणि उद्योगांच्या इतिहासात असे प्रसंग जितके दिसतात तितकी त्यांची दखल घेतली जात नाही.

पुढची काही वर्षे धातुटंचाईत गेली. कोरियन युद्धामुळे जस्ताचा वापर खेळण्यांसाठी करण्यावर ब्रिटनमध्ये बंधने आली आणि राज्याभिषेकाच्या राजरथाची मोठी प्रतिकृती साचा तयार असूनही रखडली. त्या साच्यात राजा सहावा जॉर्ज आणि राणी शेजारी बसलेले होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजाचे निधन झाले, तेव्हा साच्यातून राजाची आकृती कमरेपासून वर काढून टाकण्यात आली, पण पाय तसेच राहिले, आणि एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी विकल्या गेलेल्या रथांत बारकाईने पाहणाऱ्याला ते आजही दिसतात. याच रथाची लहान आवृत्ती १९५३ मध्ये दहा लाखांहून अधिक खपली. त्या यशाने कारखान्याला दोन गोष्टी दिल्या: भांडवल, आणि लहान वस्तूही मोठ्या खपाची होऊ शकते ही खात्री.

आगपेटीचा धागा याच काळात जुळला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत, आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. ओडेलने तिच्यासाठी पितळेचा एक चिमुकला रोडरोलर घडवला. तो पाहून वर्गातील इतर मुलांनाही तसाच हवासा झाला, आणि १९५३ मध्ये कंपनीने रोडरोलर, डंपर आणि सिमेंट मिक्सर या तीन गाड्यांनी मॅचबॉक्स मालिका सुरू केली. सुमारे दीड शिलिंगाला मिळणारी, आगपेटीसारख्या दिसणाऱ्या पुठ्ठ्याच्या डबीतली ही गाडी मुलाला वाढदिवसाची वाट न पाहता खाऊच्या पैशांतून घेता येत असे, म्हणून ती खेळण्यांच्या दुकानांबरोबर गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानांतही जाऊन बसली.

पहिल्या गाड्यांची निवड लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. श्रीमंतांची आलिशान मोटार वा शर्यतीची गाडी आरंभी आलीच नाही. तीन बांधकाम-यंत्रांमागून आले मॅसी हॅरिसचा ट्रॅक्टर, लंडनची लाल दुमजली बस, खाणीवरचा ट्रक, घोड्याने ओढायची दुधाची गाडी आणि अग्निशमन दलाचा बंब. बाँबवर्षावाने मोडलेले शहर पुन्हा उभारले जात असताना मुलांना रस्त्यावर जी वाहने दिसत होती, तीच त्यांच्या मुठीत आली. वाहनाचे मोल त्याच्या किमतीवर न ठरवता ते जे काम करते त्यावर ठरवणारी ही दृष्टी या मालिकेचे खरे वैभव आहे, आणि पुढे आलेल्या चकचकीत, कल्पित गाड्यांपेक्षा ती श्रेष्ठ मानावी लागते. रस्त्याच्या कडेला उभा असलेला सार्वजनिक बांधकाम खात्याचा रोलर डोळे भरून पाहिलेल्या महाराष्ट्रातील मुलालाही त्या पहिल्या गाडीची ओळख वेगळी करून द्यावी लागली नसती.

मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांच्या मापांतील गुणोत्तराला प्रमाण म्हणतात; १:६४ म्हणजे खऱ्या मोटारीच्या लांबीचा चौसष्टावा भाग. आज लहान डायकास्ट मोटारींसाठी हे प्रमाण रूढ झाले आहे. मॅचबॉक्सने मात्र एकच प्रमाण पाळले नाही. डबी ठरलेली असल्याने तिच्यात बसावी म्हणून बस पुष्कळ आक्रसली आणि मॉरिस मायनरसारखी छोटी मोटार त्या मानाने कमी आक्रसली, परिणामी दोघी शेजारी ठेवल्या तर लांबीत फारसे अंतर राहत नाही. काटेकोर प्रतिकृतिकार याला दोष मानतात. त्यांचा आक्षेप तर्काला धरून आहे, परंतु संग्रहाचे सौंदर्य त्याला ओलांडून जाते: बंब आणि स्पोर्ट्स कार, ट्रॅक्टर आणि दूधगाडी एकाच फळीवर समान मानाने उभ्या राहतात, ही समता खऱ्या रस्त्यावर कधीच दिसत नाही.

एवढ्या लहान वस्तूत बारकावे टिकवण्यासाठी कामाची रीतच उलटी बांधलेली होती. कारागीर प्रथम गाडीचा नमुना कितीतरी मोठ्या आकारात कोरत असे. मग पँटोग्राफ हे सांध्यांच्या दांड्यांचे यंत्र वापरले जाई, ज्याचे एक टोक मोठ्या नमुन्यावरून फिरते आणि दुसरे टोक तीच हालचाल लहान मापात पोलादावर कोरते. अशा रीतीने घडलेल्या साच्यात जस्ताचा मिश्रधातू भरला जाई. त्यात शेकडा सुमारे ४ भाग ॲल्युमिनियम, थोडे मॅग्नेशियम आणि काही प्रकारांत तांबे असते. तो ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे पोलादी साचा लवकर झिजत नाही आणि दाराच्या मुठी, दिव्यांच्या कडा, इंजिनावरची जाळी हे सारे हजारो गाड्यांवर सारखेच उमटते. मात्र जस्त शुद्ध हवे. शिशाचा अत्यल्प अंश जरी मिसळला, तरी काही वर्षांनी धातू आतून फुगतो, तडकतो आणि भुगा होऊन गळतो. युद्धपूर्व काळातील अनेक डिंकी गाड्या या रोगाने नष्ट झाल्या असून त्यावर उपाय नाही.

साधारण १९६० पासून मॅचबॉक्स मालिकेत पंचाहत्तरच क्रमांक ठेवले गेले. नवी गाडी आली की जुनी निवृत्त होई आणि तिचा क्रमांक नवीला मिळे. संग्राहकाच्या दृष्टीने हा फार मोठा निर्णय होता, कारण त्यामुळे संच पूर्ण होण्याची आशाही कायम राहिली आणि तो कधी पूर्णपणे पुरा होणार नाही याचीही सोय झाली. त्यातच एकाच गाडीत वर्षागणिक फरक पडत गेले: धातूची चाके जाऊन करड्या प्लॅस्टिकची आली, नंतर काळी आली, आसांची टोके आधी चिमटून बंद केलेली होती, पुढे ती ठोकून गोल केली जाऊ लागली, तळपत्रावरील मजकूर आणि डबीवरचे चित्रही बदलले. १३ क्रमांकाच्या, बीपी या तेलकंपनीचे चिन्ह मिरवणाऱ्या डॉज ब्रेकडाउन ट्रकची केबिन पिवळी आणि मागचा भाग हिरवा असतो. रंगांची अदलाबदल होऊन हिरव्या केबिनसह निघालेले थोडे ट्रक आज अतिशय दुर्मीळ आणि महाग आहेत. कारखान्यात कामगारांच्या पाळ्यांमध्ये घडलेला किरकोळ फेरफार साठ वर्षांनंतर अभ्यासाचा विषय होतो, आणि तो ओळखण्यासाठी लागणारी नजर जुन्या नाण्यांच्या किंवा पोथ्यांच्या अभ्यासकाच्या नजरेहून कमी दर्जाची नाही.

१९६८ मध्ये मॅटेल या अमेरिकी कंपनीने हॉट व्हील्स बाजारात आणल्या. बारीक तारेच्या आसांवर सहज फिरणाऱ्या चाकांमुळे त्या उतारावरून सुसाट धावत, आणि त्यांच्यापुढे लेस्नीच्या गाड्या एकाएकी मंद वाटू लागल्या. लेस्नीने १९६९ पासून सुपरफास्ट चाके बसवून उत्तर दिले. वेग आला, पण रुंद, दिखाऊ चाकांनी अनेक गाड्यांचा मूळ रुबाब गेला. ब्रिटनमधील महागाई आणि मंदी यांत कंपनी खचत गेली व जून १९८२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मॅचबॉक्स हे नाव प्रथम हाँगकाँगच्या युनिव्हर्सल कंपनीकडे, १९९२ मध्ये टायकोकडे आणि १९९७ मध्ये मॅटेलकडे, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्ध्याच्याच घरात, गेले.

भारतात आयातबंदीच्या काळात या गाड्या बहुधा परदेशातून परतणाऱ्या आप्तांच्या सामानातूनच येत. देशी उत्पादनही झाले: कलकत्त्यात डिंकीचे जुने साचे आणून ‘निकी टॉइज’ काढल्या गेल्या, आणि मुंबईच्या ब्लो प्लास्टने आपल्या लिओ या खेळण्यांच्या नावाला मॅटेलची जोड देऊन हॉट व्हील्स भारतीय मुलांपर्यंत पोचवल्या. या गाड्यांवर आता परदेशी संग्राहकांचेही लक्ष असते. आपल्याकडे मात्र त्यांची नीट सूची आणि जतन यांकडे अजून पुरेसे गांभीर्याने पाहिले जात नाही.

माळ्यावरच्या पेटीत अशी एखादी जुनी गाडी सापडली, तर तिला नवा रंग देऊ नये आणि घासून चकचकीतही करू नये, कारण कारखान्यात बसलेला मूळ रंग हाच तिचा पुरावा असतो. मऊ ब्रशने धूळ झटकावी, दमट जागेपासून तिला दूर ठेवावे, तळपत्रावरील नाव आणि क्रमांक नोंदवून घ्यावा आणि पुठ्ठ्याची डबी शिल्लक असेल, तर ती गाडीइतकीच जपावी.