काचेची कुळकथा – लेखांक सातवा : साच्यात धरलेला प्रकाश

पनवेल तालुक्यातील आमच्या कोन गावाजवळ, जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला की जखमी माणसे आणि मोडकी गाडी हलविली गेल्यानंतरही एक वस्तू कित्येक दिवस कडेच्या मातीत तशीच पडून राहते. ती म्हणजे दाराच्या काचेचे, खडीसाखरेएवढे, बोथट कडांचे, सकाळच्या तिरप्या उन्हात हिरवट चमकणारे असंख्य दाणे. त्यांतले मूठभर मी घरी आणून, हा लेख लिहिताना समोर वाटीत ठेवले आहेत. ही काच घडविताना ती तापवून तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे झोत सोडतात. त्यामुळे बाहेरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसू पाहतो, आणि बाहेर दाब व आत ताण अशी कायमची कोंडी त्या तक्त्यात राहून जाते. एके ठिकाणी तडा गेला की तो कोंडलेला ताण क्षणार्धात मोकळा होऊन साऱ्या काचेचे दाणे होतात. मोटारीतल्या माणसाला जे तारते तेच शिल्पाला मारते. म्हणून काचशिल्पकाराची निम्मी विद्या हा ताण काचेत राहू न देण्याची, म्हणजे अनुशीतनाची, आहे.

या विद्येला विसाव्या शतकात ज्यांनी खऱ्या अर्थाने शिल्पकलेची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या यारोस्लाव्हा ब्रिख्तोवा (१९२४–२०२०) आणि स्तानिस्लाव लिबेन्स्की (१९२१–२००२) या चेक दांपत्याविषयी आज लिहावयाचे आहे. उत्तर बोहेमियातील झेलेझ्नी ब्रोद या लहानशा गावी १९२० साली काचकामाची शाळा निघाली. ब्रिख्तोवांचे वडील स्वतः शिल्पकार असून त्या शाळेत शिकवीत. मुलगी पुढे गावातल्याच काचकारखान्यात वास्तुशिल्पासाठी लागणाऱ्या काचेचा विभाग सांभाळू लागली. १९५४ साली लिबेन्स्की शाळेचे संचालक होऊन आले. त्यांनी काढलेले एक मस्तकाचे चित्र ब्रिख्तोवांनी काचेत उतरविले, आणि तेथून जे सहकार्य सुरू झाले ते लिबेन्स्कींच्या मृत्यूपर्यंत अखंड चालले. विवाह १९६३ मधला.

त्यांची रीत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. लिबेन्स्की चित्र काढीत. त्यावरून ब्रिख्तोवा मातीत आकार घडवीत, त्याचा प्लॅस्टरमध्ये ठसा घेत, आणि शेवटी भट्टीची आच सोसणारा साचा तयार करीत. या साच्यात रंगीत काचेचे तुकडे रचून तो भट्टीत चढवीत. काच वितळून मधासारखी घट्ट वाहत कानाकोपऱ्यांत उतरे. येथून पुढे मात्र कोणाचीही घाई चालत नसे. सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या आसपास काच थांबवून, मग अंशाअंशाने उतरवावी लागते, आणि ठोकळा जितका जाड तितकी ही मुदत वाढत जाते. मोठ्या शिल्पाला आठवड्यांमागून आठवडे लागतात. इतके करून हाती येते ते काय? तर एकाच रंगाच्या काचेत, जेथे ती पातळ तेथे फिकट आणि जेथे जाड तेथे गडद, अशी छटांची सारी श्रेणी. चेहरा पुष्कळदा मागच्या बाजूने उलटा, खोलगट कोरलेला असतो. समोरून पाहणाऱ्याला तो काचेच्या पोटात, प्रकाशानेच घडविल्यासारखा, उठून दिसतो. दगडावर प्रकाश पडतो. येथे तो आत शिरून आकाराचा भाग होतो, आणि माझ्या मते त्यांची थोरवी यातच आहे.

१९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात त्यांनी प्राण्यांच्या आकृती असलेले काचेचे ठोकळे काँक्रीटमध्ये बसवून मांडले आणि काच ही भिंतीइतकी भारदस्त होऊ शकते हे जगाला दाखविले. १९७० साली ओसाकाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी सुमारे २२ मीटर लांबीची ‘जीवनाची नदी’ ओतली. तिच्या पृष्ठभागावर लष्करी बुटांचे ठसे होते. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा त्यांच्या मुलुखात शिरल्या होत्या, त्याची ती खूण. ते ठसे नाहीसे करण्याचा सरकारी हुकूम सुटला आणि ते पुसले गेले. उभयतांना साम्यवादी पक्षातूनही काढण्यात आले. त्यांचे काम मात्र थांबले नाही.

हे वाचताना मला राहून राहून आपल्याच मुलुखाची आठवण येते. वर्षाला माणशी एक पैसा या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, टिळकांच्या पाठबळाने, १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. जपान-अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे नुसती काच नव्हे, काच करणारी माणसे तयार झाली, म्हणजे झेलेझ्नी ब्रोदच्या शाळेच्याही १२ वर्षे आधी! पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. उलट दिशेला पेण. तेथे शाडूची मूर्ती घडविणे, तिचा साचा घेणे, साच्याची सांध राखणे ही ब्रिख्तोवांची अर्धी विद्या गणपतीच्या कारखान्यांतली पोरे लहानपणीच शिकतात. तळेगावात भट्टी होती, पेणला साचा होता. स्वदेशीच्या त्या काळात कंदील आणि बाटली यांचीच निकड मोठी होती, याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पण शाळेत शिल्पकार आणि शिल्पकाराच्या अंगणात भट्टी ही तजवीज तेव्हाच झाली असती तर, असे वाटल्यावाचून राहवत नाही. आमच्या कोनहून थोडे पनवेलच्या बाजूला गेले की पळस्पे फाटा लागतो. तेथून एक रस्ता पेणकडे जातो, दुसरा आमच्या गावावरून घाट चढून तळेगावकडे.