कुडाच्या भिंतीचा भाव

हल्ली शहरातल्या माणसांना जंगलात जाऊन दोन-चार दिवस राहायचं वेड लागलंय. सकाळी योग, दुपारी तेलाची मालीश, पाखरांचे आवाज आणि राहायला 'पर्यावरणपूरक' लाकडी खोली. वेलनेस रिट्रीट म्हणतात त्याला. आमच्या डहाणू-तलासरीकडेही चिकूच्या वाड्यांतून, रानाच्या कडेकडेने असे मुक्काम उभे राहायला लागलेत. बचत गटाच्या कामासाठी मी पाड्यांवर जाते, तेव्हा बायका हटकून विचारतात, "ताई, हे लोक पैसे मोजून कुडात राहतात आणि आमचा पोरगा म्हणतो, कूड पाड, स्लॅब टाक. मग शहाणं कोण?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुडाचं घर म्हणजे काय, ते आधी सांगते. सागाच्या किंवा ऐनाच्या, वर बेचकं असलेल्या मेढी जमिनीत रोवायच्या. त्या बेचक्यांत आडं टाकायचं, त्यावर वासे. भिंतीच्या जागी कारवीच्या काठ्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, आडव्या बांबूच्या कामट्यांनी बांधून घ्यायच्या. मग माती, शेण आणि भाताचा तूस कालवून दोन्ही अंगांनी लिंपायचं. खिळा नाही, सिमेंट नाही. लाकूडकाम पुरुषाचं, लिंपण आणि सारवण बाईचं. लग्नाचा चौकही याच भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सुवासिनींनीच लिहायचा. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. कागदावरचं चित्र जगभर गेलं, ज्या भिंतीवर ते जन्मलं ती मात्र मागास ठरली.

ही भिंत परवडते ती कारवीमुळे. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते, डोंगर जांभळा होतो, आणि मग ती वाळते. खाली पडलेल्या बियांतून पुन्हा रान उगवतं. बांबू तीन-चार वर्षांत कामाचा होतो. सागाला मात्र आयुष्य लागतं. म्हणूनच जुन्या घरात साग फक्त मेढीला आणि आड्याला, बाकी सगळं लवकर परत येणारं. पडक्या घरातली मेढ नव्या घरात लावायची, ही तर आजही रीत आहे. उलट काही रिसॉर्टवाले सगळी खोलीच बाहेरगावच्या फळ्यांची करतात, जमीनही लाकडाची, छतही लाकडाचं. लांबून ट्रकने आलेलं लाकूड 'निसर्गस्नेही' कसं, हे मला तरी कळत नाही. सिमेंट वाईट, हे खरंच. जगातल्या कार्बन वायूच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात. पण म्हणून लाकूड म्हटलं की सगळं पुण्य, असंही नाही.

आता भूकंपाचं. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे जमीन थरथरायला लागली. धुंदलवाडीचं नाव रोज पेपरात. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या थंडीत माणसं लेकरंबाळं घेऊन तंबूत झोपली. पुढे कित्येक महिने, वर्षं धक्के येतच राहिले. तेव्हा विटांच्या, कच्च्या जोडणीच्या भिंतींना तडे गेले आणि बायका म्हणू लागल्या, "कूड हलतो, पण अंगावर येत नाही." यात शास्त्र आहे. भिंत हलकी, सांधे दोरीने किंवा वेलीने बांधलेले, त्यामुळे घर धक्क्याबरोबर डुलतं. माती गळेल, पण माणूस दडपत नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद कोसळून. तिकडे आसामात १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर साहेबाच्या बंगल्यांनाही लाकडी सांगाडा आणि बोरूच्या लिंपलेल्या भिंती आल्या. म्हणजे आपल्या कुडाच्या सख्ख्या बहिणीच! अर्थात मेढीचा बुंधा कुजलेला असेल आणि डोक्यावर कौलांचा भार असेल तर कूडही धोक्याचाच. मेढ दगडी जोत्यावर चढवली, वासे नीट बांधले तर पुष्कळ निभावतं. घरकुलाचं पक्कं घर बांधणाऱ्यांनीही जोत्यापाशी, दारांच्या वर आणि छताखाली सळईचे पट्टे आहेत ना, एवढं गवंड्याला जरूर विचारावं.

आणखी एक गंमत. पाड्यावरचा बांबू वर्षानुवर्षं टिकतो तो चुलीच्या धुराने. काजळी बसली की कीड शिरत नाही. (तो धूर बाईच्या छातीत जातो, हे विसरून चालणार नाही. गॅस हवाच.) रिसॉर्टच्या खोलीत चूल कुठून असणार? तिथे दोन पावसाळ्यांत बांबूचं पीठ गळायला लागतं. त्यावर उपाय आहे. बांबू अवसेच्या अंधारात तोडून वाहत्या पाण्यात भिजत घालायची जुनी पद्धत, नाहीतर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायची नवी. आपल्याच जिल्ह्यात, वाडा तालुक्यातल्या गालतरे इथल्या 'गोवर्धन इको व्हिलेज'मध्ये दाबून केलेल्या मातीच्या विटांची आणि बांबूची बांधकामं उभी आहेत, म्हणजे हे स्वप्नरंजन नव्हे.

कायद्याचंही थोडं. डहाणू तालुका जून १९९१ मध्ये केंद्राने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांच्या जागेवर ५०० एकरांची मर्यादा घातली. डहाणू आणि तलासरी दोन्ही अनुसूचित क्षेत्रात, आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या नावावर होत नाही. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठीही १९६९ चा वेगळा कायदा आहे. तो उगाच आला नाही. इथल्या लाकडावर जंगल ठेकेदार गब्बर झाले आणि तोडणाऱ्याच्या हातावर आणे टेकवले. तलासरीजवळच्या झरी गावी मे १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या सभेतून वारल्यांचा जो लढा पेटला, त्यात वेठबिगारीबरोबर गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीचाही प्रश्न होता. आज ठेकेदाराच्या जागी रिट्रीटचा मालक आलाय, एवढाच फरक होणार असेल तर काय उपयोग?

आमच्या एका गटाकडे अशाच एका मालकाने कुडाच्या खोल्यांचं काम मागितलं. त्याने सुताराला दर दिला, गवंड्याला दिला, लिंपणाऱ्या बायकांना मात्र 'मदतनीस' म्हणून निम्मी मजुरी सांगितली. बायकांनी चक्क नकार दिला. लिंपणात मातीला तूस किती, शेण किती, हे सुताराला येतं का? आणि हे काम एकदा करून संपत नाही. पावसाचा मारा बसलेली बाजू दरवर्षी नव्याने लिंपावी लागते. गाईगुरं कमी झालीत, शेणसुद्धा आता गोळा करत हिंडावं लागतं. तेव्हा त्यांनी तीन गोष्टी मागितल्या : मजुरी गवंड्याइतकी, दरवर्षीचं लिंपण लेखी करारात गटाच्याच नावावर, आणि कारवी-बांबू ग्रामसभेला विचारून, तिला पैसे देऊन. मालक म्हणाला, "कळवतो." त्याचा निरोप अजून यायचाय. बायकांनी गेल्या हंगामातला तूस मात्र पोत्यांत भरून ठेवलाय. त्याचं काम नाही झालं तर आपापल्या भिंती आहेतच, पाऊस उघडला की त्या लिंपायच्याच आहेत.