खेळ आणि बक्षीस

काम कंटाळवाणे असले, की त्याला खेळाचे रूप द्यावे, ही युक्ती जुनीच आहे. अलीकडे तिला ‘गेमिफिकेशन’ असे नाव मिळाले आहे. मराठीत त्यास क्रीडाकरण म्हणता येईल. मोबाइलवर परकी भाषा शिकणाऱ्यास रोज गुण मिळतात, चालणाऱ्यास पावले मोजून पदके मिळतात, विक्रेत्यांची नावे क्रमवारीने फलकावर झळकतात. परंतु गुण, पदक आणि क्रमांक म्हणजेच खेळ काय?

डच इतिहासकार योहान हुइझिंगा याने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात स्वेच्छा हे खेळाचे पहिले लक्षण मानले. हुकुमाने खेळावा लागणारा खेळ हा खेळच उरत नाही. विटीदांडू खेळणारी मुले गुण मोजतात खरी. परंतु भर उन्हात ती धावतात ती गुणांसाठी नव्हे, तर खेळातील गोडीसाठी.

बाहेरच्या बक्षिसाने या गोडीचे काय होते, हे मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दाखविले. चित्रे काढण्याची मूळचीच आवड असलेली बालवाडीतील मुले त्यांनी निवडली. काहींना ‘चित्रे काढा, प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले. काहींना ते अनपेक्षितपणे दिले. काहींना दिलेच नाही. पुढे एकदोन आठवड्यांनी पाहिले, तो कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमत होती. अनपेक्षित बक्षिसाने मात्र काही बिघडले नव्हते. अर्थात दोष बक्षिसाचा नसून सौद्याचा होता. जे आपखुशीने चालले होते, ते मोबदल्याचे काम झाले.

क्रीडाकरणाचा याहून कठोर परिणाम कॅलिफोर्नियात दिसला. डिस्नेलँडच्या हॉटेलांतील धुलाईखान्यात कामगारांची नावे व त्यांचा कामाचा वेग पडद्यावर दाखविला जाई. कामगारांनी त्यास ‘विजेचा चाबूक’ म्हटल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. स्पर्धेचे रूप होते, पण त्यातून बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती.

मग माणसास उत्साह कशाने येतो? एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते त्यास तीन गोष्टी लागतात: आपल्या इच्छेने वागण्याची मुभा, आपले कौशल्य वाढत असल्याचा प्रत्यय आणि इतरांशी जिव्हाळ्याचे नाते. ‘मागच्या वेळेपेक्षा तुझे अक्षर सुधारले’ असे सांगणारा गुण विद्यार्थ्यास प्रगती दाखवितो. ‘तू वर्गात चाळिसावा’ असे सांगणारा गुण बहुधा त्याचा धीरच खचवितो.

ज्या कामात मुळातच गोडी नाही, तेथे बक्षीस उपयोगी पडते, हे खरेच. परंतु वाचनाची आवड असलेल्या मुलास पुस्तकामागे एक तारा देण्यापूर्वी शिक्षकाने व पालकाने थोडा विचार करावा. तारे संपल्यावरही मूल पुस्तक उघडते काय, हीच क्रीडाकरणाची खरी कसोटी होय.