लांब पल्ल्याचे काडतूस आणि आपले शेत



ऊस कांड्यावर आला की रानडुकरांची पंगत बसते, हे कुणाला सांगायला नको. गेल्या गाळपात काही सभासदांनी आम्हाला विचारले, "लांब मारा करणारी रायफल घेतली तर? काडतूस कुठले घ्यावे?" प्रश्न रास्त आहे. जाणत्यांना विचारावे म्हणून आम्ही ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे जाऊन आलो. तिथली भातखाचरे रानाला लागूनच. शहापुरात तानसा अभयारण्य, मुरबाडच्या अंगाला भीमाशंकरचे डोंगर. डुकराशी गाठ पिढ्यान् पिढ्यांची.

आधी काडतूस समजून घेऊ. त्याचे भाग चार: कवच, बुडाची टोपी, दारू आणि गोळी. नळीबाहेर पडल्या क्षणापासून गोळी खाली येऊ लागते आणि हवा तिचा वेग खाते. म्हणून लांबच्या माऱ्याला लांबट, टोकदार, वजनदार गोळी निवडतात; ती वेग टिकवते. मात्र गोळीची लांबी आणि नळीतल्या आट्यांचा पीळ यांचा मेळ बसायला हवा, नाहीतर गोळी भेलकांडते. चांगले नेमबाज एकाच घाण्यातली काडतुसे आपल्याच रायफलीतून मारून पाहतात आणि ज्यांचा जमाव घट्ट पडतो तीच घेतात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. ती रायफल .22 ची, म्हणजे लहान मापाची. तरीही तिची गोळी मोकळ्या रानात दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. नेमबाजीच्या मैदानावर गोळी अडवायची सोय असते. आपल्या उसामागे काय असते? वस्ती, पाणंद, पाणी धरणारा गडी!

मुरबाडकडचे एक वयस्क शेतकरी आम्हाला म्हणाले, "लांबचं मारायचंच कशाला? बांधावर हलतंय ते डुक्कर का माणूस, हे बघायला जवळच यावं लागतंय." सगळा निवाडा या एका वाक्यात आला. शेतराखणीला लांब पल्ला हा गुण नव्हे, दोष आहे.

1959 च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. तिला काडतूस लागतच नाही. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासतात. बारा बोअरची बंदूकही जवळच्या माऱ्याचीच. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड. छर्रे लवकर पांगतात, त्यांचा जोर लवकर ओसरतो. माळ्यावरून खाली नेम धरला तर चुकलेला बार मातीत जातो.

आणखी एक गोष्ट. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम वेगळा लागतो. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नावही नोंदवावे लागते. नुकसान झाले तर लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा.

पीक पुन्हा उभे करता येते. चुकून लागलेली गोळी परत घेता येत नाही. तेव्हा रायफलीचा हिशेब मांडण्याआधी गोळी कुठे जाऊन थांबेल, हे बांधावर उभे राहून दिवसाउजेडी एकदा पाहून घ्यावे, ही सभासदांना आमची विनंती.